साळवे मामांचे कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय ते मला धड कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. मधेच थांबले तर घाई करू नका.

मी गाडी पळवायचे. मातीवरच्या शर्यती — दौलताबादच्या पुढं एक पडीक माळ आहे, तिथं दर हिवाळ्यात व्हायच्या, अजून होतात. त्यात बाई मी एकटीच, आणि त्याचा माज होता मला, लई होता. जुनी जिप्सी, निम्मी माझ्याच हातानं बांधलेली. शिकवलं मात्र साळवे मामांनी. नात्यातले नव्हेत, बसच्या डेपोतून रिटायर झालेले मिस्त्री, आमच्या गल्लीत राहायचे, अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. त्यांना एकच वेड — गाडी सुटायचा क्षण. क्लच सोडायचा नसतो सुने, म्हणायचे — माझ्या नावाचं त्यांनी सुने केलं होतं — त्याला निसटू द्यायचं असतं. मला अनवाणी बसवून तळपायाला शिकवलं त्यांनी ते.

मग ते डबे आले. लाँच कंट्रोल. एकदा इंजिनाला जोडला की ॲक्सिलरेटर तळाला दाबून बसायचं. इंजिन किती फिरवायचं ते डबा ठरवतो, चाकं जागेवर घसरत नाहीत, क्लच कसाही सोडला तरी गाडी सरळ सुटते. पायाला कामच उरत नाही. मामा असले भडकले! आयोजकांच्या मागं हात धुऊन लागले आणि बंदी आणवली — सुटायच्या वेळी कसलीही इलेक्ट्रॉनिक मदत नाही, सापडली तर कायमचं बाद.

पण पकडणार कसं? आमच्या माळावर कुठली आली यंत्रं? तर मामांचे कान. गाड्या रेषेवर उभ्या राहून गुरगुरायला लागल्या की मामा डोळे मिटून रांगेतून चालायचे, एकेका बॉनेटवर तळहात ठेवत. माणसाचा पाय श्वास घेतो, म्हणायचे. आवाज जरासा वर जातो, जरासा खाली येतो. डबा श्वास घेत नाय. अशा तीन गाड्या त्यांनी रांगेबाहेर काढल्या होत्या. तिन्हींत डबा निघाला.

आता माझ्याकडं येते. यायलाच पाहिजे.

त्या वर्षी स्कूटीवरून पडून माझा डावा घोटा मोडला. बरा झाला, पण क्लचवर थरथरायचा. सरावात वैजापूरचा एकजण मला दोनदा मागं टाकून गेला, वर दात काढून हात हलवला. माझ्या अंगाची आग आग झाली. मामा, पाय साथ देत नाही — एवढंच तर सांगायचं होतं. का नाही सांगितलं? सांगितलं ना मघाशी, माज. मी डबा मागवला. त्याचं कवच फोडलं आणि आतलं सर्किट हॉर्नच्या रिलेच्या टोपणात बसवलं. रिले म्हणजे बॉनेटखालची काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी. तशा चार-पाच ओळीनं असतात, कोण उघडून बघतंय? हॉर्न तेवढा मुका झाला. शर्यतीत हॉर्न लागतो कुणाला?

शर्यतीच्या सकाळी लख्ख ऊन होतं, वारा अगदी पडलेला. मामा रांगेतून आले. माझ्या बॉनेटवर हात ठेवला — आणि उचललाच नाही. मग खिडकीशी आले, डोळे उघडले. मी आत बसले होते, हेल्मेट घालून, त्यांच्यापासून हातभर. अजून काटा येतो बघा अंगावर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण मोकळ्या सीटकडं बघावं तसं. हळूच म्हणाले, "आत कुणी नाय."

इंजिन बंद करायला लावलं. गाडी उघडली. बॉनेट बघितलं, सीटखाली बघितलं, डॅशबोर्ड खोलला. काही सापडेना. लोकांची कुजबूज सुरू झाली, मामांची शागीर्दच आहे, तिच्या गाडीत काय असणार. मामा हटेनात. खिडकीतून आत वाकले आणि डेपोतल्या सवयीनं डावीकडून एकेक बटण दाबून बघायला लागले. दिवे. लागले. वायपर. फिरला. त्यांचं ठरलेलं असायचं, एकही वगळायचं नाही, आणि पुढचा होता हॉर्न. अंगठा त्याच्यावर टेकलासुद्धा. हॉर्न वाजला नसता, मामांनी रिले उपसला असता — मिनिटाचं काम.

आणि मी बोलले. माळभर ऐकू जाईल अशी बोलले.

"बस करा मामा! कान गेले तुमचे."

कुणाला सांगितलं नाही ते हे. डब्याचं मी एखाद्या दिवशी हसत हसत सांगितलंही असतं. हे वाक्य नाही.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांनी अंगठा काढून घेतला. दाबला नाही हो! त्यांचा माझ्यावर विश्वास होता, स्वतःच्या कानांपेक्षा जास्त. मी पहिली आले. पेढे वाटले. त्यांच्याही घरी नेऊन दिले.

मामांनी रेषेवर यायचं बंद केलं. त्यांना कानाच्या डॉक्टरकडं कोण घेऊन गेलं असेल? मीच. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मला वाटलं, चला, सुटले. तर रिक्षात मामा बाहेर बघत म्हणाले, "म्हंजे बिघाड डोक्यात हाय, सुने."

पुढं पुढं त्यांचा कुठल्याच आवाजावर भरवसा राहिला नाही. मामींना विचारायचे, कुकरची शिट्टी झाली का गं खरंच? माझ्या गॅरेजात यायचे, धडधडत्या इंजिनावर तळहात ठेवायचे आणि लहान तोंड करून विचारायचे, हे चालू हाय ना? व्हय मामा, मी म्हणायचे. दर वेळी तेवढंच म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

त्यांचं काम आता माझ्याकडं आलंय. आयोजक म्हणाले, मामांनंतर तूच. यंदा मी डोळे मिटून रांगेतून चालले. सात बॉनेटांवर हात ठेवला, सातही पाय श्वास घेत होते. आठव्यापाशी आवाज सरळ आला. ना वर, ना खाली. हाताखालचा पत्रा गरम होता, चांगला कढत. मी खिडकीशी वाकले आणि डोळे उघडले. समोर नुसता माळ होता. रांगेत सातच गाड्या होत्या. तळहात मात्र संध्याकाळपर्यंत लाल होता.

जिप्सी गॅरेजात मागं उभी आहे. विकली नाही, रिलेही काढला नाही. बॅटरी तेवढी चार्ज ठेवते. दुपारी माणसं जेवायला गेली की तिच्यात बसते आणि डावीकडून एकेक बटण दाबते. दिवे लागतात. वायपर फिरतो. मग हॉर्नवर अंगठा टेकवते, दाबते, आणि तसाच दाबून ठेवते. काही वाजत नाही.

मामांचे कान शेवटच्या दिवसापर्यंत चांगले होते. डबा होता.