नायकांचं युनॅनिमस

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकाच इंग्रजी शब्दावर सगळं म्हातारपण काढलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. हे आमच्या फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख. नायक साठीच्या आसपास असताना पुसदहून आलेले कोणी साहेब सभेत ‘युनॅनिमस’ म्हणाले आणि नायकांनी तो शब्द उचलला. मी शाळामास्तर, गावचे ठरावही मीच लिहायचो, म्हणून अर्थ मला विचारला. ‘सगळ्यांचं एकमत. एकही विरोधात नाही,’ मी सांगितलं. नायक खूश. ‘म्हंजे आमची बैठकच की. आखरी मानूस हो म्हनेपर्यंत आमच्यात कोनी उठत नाई. इंग्रजाले हे कोनं सांगतलं, गुरुजी?’

तेव्हापासून हॉटेलात चौघांतल्या एकाने बिनसाखरेचा चहा मागितला तरी नायक चारही कप अडवून त्याची समजूत काढत बसत. एका लग्नात नवरदेवाचा मामा रुसून मांडवाबाहेर बसला, तर ‘हे लगन बहुमताचं आहे, युनॅनिमस नाई’ म्हणून त्यांनी अक्षताच थांबवल्या. घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. नायकांनी वांगी म्हटली की नायकीणबाई हटकून अंबाडीची भाजी करायच्या. या बाई नवऱ्याला एकदाही हो म्हणाल्याचं मला आठवत नाही.

पण ह्याच हट्टाने तांड्याला शाळा मिळाली. मंजूर झालेली नवी खोली गावच्या शाळेलाच जोडायची, असं सभेत ठरत होतं. मधला नाला भरला की तांड्याची पोरं पावसाळाभर घरी बसत, त्याचं कोणाला काही नव्हतं. सगळे हात वर, नायकांचा खाली. ‘बहुमत झालं,’ सरपंच म्हणाले.

‘झालं असंन. पन गुरुजी तो शब्द लिहीत नाई, अन् मी उठत नाई.’

म्हातारा उपाशी बसलेला, त्यामुळे कोणाला जेवायला जाता येईना. शेवटी सरपंच वैतागून नाला बघायला गेले, कमरेपर्यंत भिजून परतले आणि खोली तांड्यावर बांधायला मुकाट्याने हात वर केला. त्यांच्यामागे सगळ्यांनी केला.

त्याच खोलीत पुढे नायकांची शोकसभा झाली. मी सवयीने लिहिलं, ‘ठराव युनॅनिमस मंजूर.’

‘काय लिहून राह्यले, गुरुजी?’ दाराशी बसलेल्या नायकीणबाईंनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

‘तो शब्द खोडा. मले कोनं इचारलं? त्याईच्या जाण्याले मी हो म्हटलं नाई.’

मी शब्द खोडला. त्या दिवशी दिवेलागण झाली, तरी बैठकीतून कोणी उठलं नाही.