बाबांनी विझवलेला राब

१२ एप्रिल १९४४. सकाळी आसनगाव स्टेशनवर गेलो. कसाऱ्याकडून येणारी पॅसेंजर दोन तास उशिरा आली. बाबा आणि आत्या उतरले. सामान बैलगाडीत घातले आणि शहापूरला आलो. दुपारी जेवणे झाली. संध्याकाळी बाजारपेठेतून एक फेरी मारली. सगळे लवकर झोपले.

आमच्या वऱ्हाडातून इकडे कुणी सहसा येत नाही. आले तरी मुंबईला जाताना कसाऱ्याचा घाट गाडीच्या खिडकीतून पाहतात, तेवढेच. ज्यांना यायचे असेल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे आठ दिवस लिहून ठेवतो. मेल आसनगावला थांबत नाही. भुसावळला आणि पुन्हा कसाऱ्याला गाडी बदलावी लागते. लढाईच्या दिवसांत डब्यात बसायला जागा मिळेलच असे नाही, म्हणून वळकटी सोबत ठेवावी. वेळ पडली तर तिच्यावर बसता येते. आत्या मूर्तिजापूरपासून तिच्यावरच बसून आली.

मी शहापूर तालुक्यात देवी टोचण्याचे काम करतो. जाहिरात वाचून अर्ज केला होता. आमच्या गावी याला परदेशी जाणे म्हणतात, आणि पहिले वर्षभर ते मलाही पटत होते. नद्या वेगळ्या, भात वेगळा, बोलणे वेगळे. मी पाड्यात शिरलो की टोचण्याच्या भीतीने बाया पोरांना कणगीमागे लपवीत. आता लपवतात, पण थोडा वेळच.

कार्तिकात आई गेली. तार आली तेव्हा मी डोळखांबच्या बाजूला पाड्यांवर हिंडत होतो. कुठल्या पाड्यावर आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते. चार दिवसांनी शहापुरात आलो तेव्हा घरमालकाने तार हातात दिली. गावी पोचलो तोवर सगळे आटोपले होते. बाबा त्याबद्दल मला काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

तेव्हापासून ते मोठ्या घरात एकटे असतात. आत्या शेजारच्या गल्लीत राहते, तीच भाकरी नेऊन देते. त्यांना कायमचे इकडे आणावे असे माझ्या मनात होते. फाल्गुनातच मी शेजारची खोली भाड्याने घेतली आणि तिथे चूल घालून घेतली. बाबांना मात्र एवढेच कळवले की हवापालटाला या.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने तानसाला गेलो. पहाटे निघावे, म्हणजे ऊन लागत नाही. रस्ता सगळा सागाच्या जंगलातून जातो, पाने गळून खाली थर झालेला असतो, आणि चाक त्यावरून गेले की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. धरणाच्या भिंतीपाशी बाबा बराच वेळ उभे राहिले.

"एवढं पाणी कोणाचं होय?"

"मुंबईचं. नळाने जातं."

"अन् इथल्या लोकायले?"

गाडीवान हसला. "आमाला बघाया हाय ना, बाबा."

आत्याने तलावाला हात जोडले आणि पिशवीतून ठेचा काढला. इकडे तांदळाची भाकरी मिळते. ती मऊ असते आणि लगेच पोटात जाते, पण तासाभरात पुन्हा भूक लागते असे आत्याचे मत पडले. "भाकर नोको म्हनू तिले. कागद होय तो," ती म्हणाली आणि तीन खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी किन्हवलीला निघालो. टोचल्यावर आठव्या दिवशी फोड धरला की नाही हे पाहायला जावे लागते. माझे तिकडचे काही पाडे राहिले होते. म्हटले, बाबांना माझे कामही दिसेल. किन्हवलीच्या जवळच एका पाड्यावर धर्मा नावाचा शेतकरी राहतो. त्याच्या पडवीत मी नेहमी उतरतो. धर्माची बायको पारू तोंडाने फटकळ आहे, पण पाणी मागावे लागत नाही.

मी आत पोरांचे दंड पाहत होतो. आत्या पारूजवळ बसली होती. बाबा आंब्याखाली होते. एकाएकी त्यांचा आवाज आला, "आग! आग लागली, धावा!"

बाहेर आलो तर बाबा धोतर खोचून शेताच्या कोपऱ्याकडे पळत होते. तिथे धूर होता आणि जाळ दिसत होता. जवळ कुणी माणूस नव्हता. बांधावर पाण्याची दोन मडकी भरून ठेवलेली होती. त्यांनी दोन्ही ओतली. मग ओल्या गोणपाटाने उरलेला जाळ झोडपायला लागले. सत्तरीला आलेले माझे वडील इतके चपळ मी कधी पाहिले नव्हते.

वाचकांपैकी इकडचे जे असतील ते एव्हाना हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. भाताचे रोप जिथे करायचे त्या तुकड्यावर इकडे उन्हाळ्यात शेण, झाडांच्या फांद्या, पातेरा म्हणजे गळलेली पाने आणि गवत असे थर रचतात, वरून माती भुरभुरतात आणि ते सावकाश जाळतात. त्याला राब म्हणतात. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात म्हणजे आग रेंगाळत जाते आणि जमीन नीट भाजते. पाण्याची मडकी ठेवतात ती आग बांधाबाहेर गेली तर असावीत म्हणून. आठवडाभराची मेहनत असते ती. धर्मा राब पेटवून दुसऱ्या बाजूचा बांध साफ करायला गेला होता.

पारू आमच्या आधी पोचली. "आवो बाबा, काय करतास? माजा राब ईजवलास!"

बाबा दम खात उभे. "आग लागली होती ना बाई."

"लागली नव्हती, आमी लावली व्हती! येवढा म्हातारा झालास, नि राब ठावा नाय?"

"आमच्या इकडं वावरात जाळ दिसला की कपाशी गेली," बाबा म्हणाले. त्यांच्या लहानपणी आमची कापसाची गंजी जळाली होती. त्या वर्षी आजोबांनी बैलजोडी विकली. घरात अजून कुणी बिडी पेटवली तरी बाबा अंगणात जायला सांगतात.

धर्मा आला, त्याने पाहिले, डोक्याला हात लावला आणि मग खाली बसून हसायलाच लागला. बायको रागावलेली आणि नवरा हसतोय, त्यामुळे बाबांना कुणाकडे पाहावे ते कळेना. अर्धा राब भिजून चिखल झाला होता. मी काही बोलणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "म्या इझवला, म्याच रचून देतो. किती दिस लागतीन?"

"दोन-तीन," धर्मा म्हणाला. "पर पावन्यानं कशाला?"

"पाव्हना जेवाच्या वेळी. आता गडी."

असा आमचा एक दिवसाचा मुक्काम तीन दिवसांचा झाला. मी सकाळी पाडे करायला जाई आणि संध्याकाळी येई. बाबा धर्माबरोबर जंगलात जाऊन ऐनाच्या फांद्या आणीत. आत्या पारूबरोबर शेणाच्या पाट्या वाही आणि दिवसभर दोघींची जुगलबंदी चाले.

"तुमच्याकडं शेन काय करता गो?"

"गवऱ्या थापतो. जाळत नाही असं वावरात टाकून."

"चुलीत जालतास ना? मंग? आमची चूल मोठी हाय, येवढंच."

आत्याने शेणाची पाटी उचलून डोक्यावर घेतली. तिने हार मानलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

इकडे येणाऱ्याने पाड्यावर मुक्काम करायला संकोच करू नये. पडवीत झोपायला मिळते. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि ताक मिळते. सोबत चहाची पूड आणि गूळ न्यावा, तो फार आवडतो.

मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी मी दुपारीच परतलो, तेव्हा राब पुन्हा तयार झाला होता. बाबांनी रचलेला भाग चटकन ओळखू येत होता, कारण त्याच्या कडा कापसाच्या गंजीसारख्या नीट होत्या. धर्माने पेटती काटकी त्यांच्या हातात दिली.

"तूच ईजवलास, तूच पेटव."

बाबांनी काटकी घेतली, पण खाली वाकले नाहीत. तसेच उभे राहिले. मग ते वाकले, कोपरा पेटला, आणि मी आणि बाबा बांधावर जाऊन बसलो. धूर पलीकडे चालला होता.

"तुह्या मायले अग्नी म्या देल्ला," बाबा म्हणाले. "दीड दिस वाट पाह्यली तुही. लोक म्हणे आता नोका थांबू."

मी म्हणालो, "मला तार उशिरा मिळाली."

"मालूम हाये. तुले बोल लावाले नाही सांगून रायलो." मग म्हणाले, "म्या तुले न्याले आलो होतो. आपल्या तिकडं कापसाच्या जिनिंगात कारकून पाहिजे. बोलून ठेवलं हाये."

तेव्हा मी माझेही सांगितले. खोली घेतली आहे, चूल घातली आहे, इथेच राहा. बाबा राबाकडेच पाहत होते. आग इंचाइंचाने सरकत होती. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुरबाडची मोटार धरली. पेट्रोल मिळत नाही म्हणून हल्ली मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. मागे टाकी असते, तिच्यात ड्रायव्हरचा जोडीदार कोळसा ढोसतो. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचे. आत्या म्हणाली, "भाडं यानं आपल्याले द्याले पायजे." मुरबाडला बाजार होता. बाबांनी धर्माकडे पाहिला होता तसा एक कोयता घेतला. वऱ्हाडात तो काय कामाचा, असे आत्याने विचारले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

एका हॉटेलात चहा घेताना त्यांनी विषय काढला. माझ्याकडे न पाहता, बशीत चहा ओतत.

"त्या पाड्यावर एक बाई आली होती, तू नव्हता तवा. लेकरू घेऊन. म्हणे, डाक्तर कुठी हाये, याचा फोड दाखवाचा हाये. लपवलं नाही तिनं. सोता आली." त्यांनी बशी संपवली. "तू ये नोको तिकडं. जिनिंगवाल्याले मी सांगतो."

"आणि तुम्ही?"

"माह्यं वावर तिथं हाये. मिरगाले पेरणी. मले राबाचं काय समजते? अर्धा इझवला ना म्या." मग म्हणाले, "ते खोली सोडून दे. फुकट भाडं कायले?"

आत्या पदराने नाक पुसत म्हणाली, "मी येईन बाप्पा दिवाळीले. तुहा बाप न का येवो." तेवढ्यावर तो विषय संपला.

मुरबाडहून कल्याणला आलो. तिथे मेल थांबते, म्हणून परत जाणाऱ्याला हाच रस्ता सोयीचा. गाडीत गर्दी होती. आत्याला वळकटीवर जागा झाली. बाबा दारात उभे होते. गाडी हलल्यावर त्यांनी ओरडून सांगितले, "रोप किती हात झालं ते लिहून पाठवजो! खुशालीचं पत्र नोको, ते लिहिजो!"

आजवर मी त्यांना खुशालीचीच पत्रे लिहिली. दोन ओळींची. त्यांची उत्तरेही तशीच. आता पाऊस लागला की मला महिन्यातून एकदा किन्हवलीला जाऊन धर्माचे रोप मोजावे लागणार, आणि लिहिताना धर्मा, पारू, पाऊस, पाडे सगळे त्यात येणार. ज्यांना ठेवून घ्यायचे होते ते बाबा राहिले नाहीत. मलाही नेले नाही. पण मी इथे काय करतो हे आता गावी एका माणसाला ठाऊक आहे. सहलीतून एवढे उरले. ते कमी नाही, असे मी स्वतःला सांगतो, आणि बहुतेक वेळा पटते.

पॅसेंजरने आसनगावला उतरलो आणि शहापूरपर्यंत चालत आलो. दोन्ही खोल्या उघडल्या. अंथरुणे उन्हात टाकली, केर काढला, आणि घागर घेऊन आडावर गेलो.