पुलीला लावलेलं हळदकुंकू

समई घासून झाली होती, ताम्हण अजून काळंच होतं. कालिंदीबाई मोरीशी बसून चिंचेचा गोळा राखेत बुडवत होत्या, तेवढ्यात अंजना बोळातून मोपेड ढकलत आली. इंजिनचा आवाज नाही, नुसती चाकांची कुरकुर.

"आजबी?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"आजबी, काकू. सपाटीला गुमान पळती. चढ आला की इंजिन बोंबलतंय आन् गाडी जाग्यावरच. आता बोळाच्या तोंडाशीबी तेच. सकाळी वाडीचा चढ तर ढकलतच चढलो. वर प्रार्थना संपली हुती."

अंजना कांबळे म्हणजे कालिंदीबाईंची मागच्या दोन खोल्यांतली भाडेकरीण. वडील ओतकामाच्या कारखान्यात होते. ती मॅट्रिकला असतानाच गेले. आईनं, तानूबाईंनी, चार घरची कामं करून तिला मास्तरीण केलं. नोकरी लागली ती गगनबावड्याच्या रस्त्याला, फाट्यावरून आत चढून जायचं अशा वाडीत. सकाळची एस.टी. शाळा भरल्यावर पोचायची. त्यात तानूबाईंना अर्धांगवायू झाला. त्यांना सोडून वाडीत राहणं शक्यच नव्हतं, म्हणून अंजनानं ही जुनी मोपेड घेतली. इंजिनापासून पायडलजवळच्या मोठ्या पुलीपर्यंत रबरी पट्टा, आणि त्या पट्ट्यावर सगळा कारभार. बोळात बाईमाणसानं गाडी चालवायची ती पहिलीच वेळ.

"मास्तरीणबाई, पदर जाईल हो पट्ट्यात!" कट्ट्यावरच्या कुणीतरी टोमणा मारला होता.

"पदर खोचलाय. तुमी धोतर सांभाळा," म्हणत ती निघूनही गेली होती.

पण दसऱ्यानंतर शाळा उघडली आणि रोजच उशीर. गुंडू मिस्त्रीनं उभ्याउभ्याच सांगितलं, पुली झिजली, मुंबईहून आणायला लागेल, दिवाळी होईल. आणि आज हेडमास्तरांनी बजावलं होतं, उद्या उशीर झाला तर वाडीतच खोली घ्यायची, तसं वर कळवतो.

"मग आईची कूस कोण बदलणार?" अंजना पायरीवर बसली. "दुपारचं तुमी बघताय, त्येच लई हाय."

कालिंदीबाईंना मागचं आठवलं. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डोळ्यांवर पट्ट्या. रोजचा पोथीचा अध्याय चुकणार म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या. तेव्हा ही पोर शाळेतून दमून यायची आणि अध्याय वाचून दाखवायची. तिच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. "मला ह्यातलं काय पटत न्हाई हं, काकू," म्हणायची, आणि एक ओवी गाळायची नाही.

त्या पुन्हा ताम्हणाकडे वळल्या. पाटावरची घासलेली समई बाजूला सारायला गेल्या, तर बोटं बुडाला चिकटली. तेल आणि कुंकू बसून लाल राळ झाली होती. आधी रिठ्याच्या पाण्यानं धुवायची ती त्या आज विसरल्या होत्या.

बोटांकडे बघत त्या तशाच उठल्या, गाडीपाशी गेल्या आणि पुलीच्या खाचेत बोट घातलं. तीच लाल राळ, वर तेलाचा बुळबुळीत थर.

"अगं बाई! पट्टा ह्या तेलावर घसरतोय. अंजना, हे माझंच काम गं!"

खंडेनवमीला त्यांनी विळी पुजली, शिवणयंत्र पुजलं, यजमानांच्या सायकलच्या साखळीला तेल घातलं. शेजारी अंजनाची गाडी दिसली. हिनं आपल्या पोथीला आवाज दिला, हिच्या गाडीला आपण कोरडं कसं ठेवायचं? हळदकुंकू वाहिलं, आणि पट्टा कोरडा ठणठणीत दिसला म्हणून पुलीत पळीभर गोडंतेल सोडलं. वर हातानं पुली फिरवूनही घेतली.

अंजना खाली मान घालून हसायला लागली. "मला दिसलं हुतं, काकू. तेलबी आन् कुंकूबी."

"मग पुसलं का न्हाईस?"

"तुमी मनापासून केल्याली पूजा. माझी नसली म्हणून काय झालं? फडका घेऊन बसलोबी हुतो, हात हुईना. आन् एवढ्याशा तेलानं काय हुतंय, वाटलं."

कालिंदीबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "ऊठ. केसातलं तेल निघतंय, तर हे का निघणार न्हाई?"

चुलीवर रिठे उकळले. दोघींनी मिळून पट्टा काढला, खाच न् खाच जुन्या लुगड्याच्या चिंधीनं घासली, तीनदा पाणी बदललं, सगळं कोरडं केलं आणि पट्टा पुन्हा चढवला. आतून तानूबाई अर्धवट जिभेनं विचारत होत्या, "न्हाणं... कुणाचं चाललंय गं?"

"तुमच्या धाकट्या लेकीचं!" कालिंदीबाई ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. देवापुढं दोनदा बसल्या, दोनदा उठून दारात आल्या. संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज आला आणि चढावर तो अडखळला नाही.

"पोचलीस?"

"प्रार्थनेच्या आधी. घंटा मीच दिलो." अंजनानं गाडी भिंतीला लावली. "पुढच्या वर्षी पूजा करा की, काकू. हँडलला करा. खाली तेवढं नगो."

कालिंदीबाईंनी देवापुढं हात जोडले ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मागायचं काहीच नव्हतं. आपण केलेली पूजा पुसायला जिचा हात धजला नाही, असं माणूस आपल्या मागच्या खोलीत राहतं, एवढंच सांगायचं होतं.

ताम्हण कालपासून काळंच पडून होतं, समईचं बूड अजून चिकट होतं आणि घरात एक रिठा उरला नव्हता. पिशवी घेऊन त्या रिठे आणायला वाण्याकडे निघाल्या.