पट्टणशेट्टी सरांचं सातवं प्रकरण

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पोरीला ओरडत होते. परीक्षा आठ दिवसांवर आलेली आणि ही बया अजून बोटांकडं बघून टाइप करत होती. फोन वहिनींचा होता. "अक्का, सर गेले," एवढंच म्हणाल्या. नवऱ्याला त्याही आमच्यासारखं सरच म्हणायच्या. मी फोन ठेवला, पोरीला म्हटलं चालू ठेव, आणि एका मशीनवरचं कापड काढून त्याची घडी करत बसले... उलगडायची, परत घालायची. मग रिक्षा केली आणि कसबा बावड्याला सरांच्या घरी गेले. दुपारी त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं सरांना बसवून नेलं आणि माती दिली. कॉलेजातले पाचसहा जण आले होते. त्यातल्या एकानं सर किती शांत होते, विद्यार्थ्यांचे किती लाडके होते असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण पुस्तकाचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. काढणार तरी कसं? ते छापलंच गेलं नाही, आणि मी सोडून कुणी वाचलंही नव्हतं. ह्या गोष्टीला आता दीड महिना होईल. मी काही लेखिका नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप केलं. पण हे मीच लिहायला पाहिजे.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट आहे. नव्वदीच्या सुरुवातीला एका सकाळी सर सायकल लावून जिना चढून वर आले. प्राध्यापक बसवराज पट्टणशेट्टी, राज्यशास्त्र शिकवायचे. गडहिंग्लजच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही बंद. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे असून पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणाले. अक्षर असलं भयानक की पहिलं पान वाचायला मला अर्धा तास लागला. वर लिहिलं होतं, 'युरोपीय गटाचे शेजारधोरण : एक समीक्षा'. युरोपातले देश एकत्र येऊन त्यांचा गट झालाय, आणि समुद्रापलीकडच्या मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया ह्या शेजाऱ्यांशी तो गट कसा वागतो ते सर तपासत होते. मी तोंडावरच विचारलं, "सर, ह्यात कोल्हापूरचं काय हाय?" ते हसले. म्हणाले, सगळं आहे, टाइप करत जावा, कळंल.

आणि कळलं की! सहा प्रकरणं आणि सातवा निष्कर्ष, असा आराखडा होता. तिसऱ्या प्रकरणात त्यांनी जे लिहिलं होतं ते मी कुणालाही समजावून सांगू शकेन. आपल्याकडं साखर कारखाना असतो. सभासदाचा ऊस तो घेतो, आणि कमी पडला तर बिगरसभासदाचाही घेतो. टंचाईच्या वर्षी कारखान्याची जीप बिगरसभासदाच्या बांधावर येते, चहा होतो, अगदी पावणं-पावणं म्हणून बोलणं होतं. ऊस उदंड झाला की त्याच माणसाचा फड तुरे येईपर्यंत उभा. वार्षिक सभेत त्याला हात वर करता येत नाही, दर ठरवताना त्याला कुणी विचारत नाही. सरांचं म्हणणं, युरोपचा गट ह्या शेजाऱ्यांशी अगदी असाच वागतो. तुमचा गॅस द्या, आमचा माल घ्या, आमच्याकडं निघालेली तुमची माणसं तिकडंच थांबवून धरा, त्याबद्दल मदत देतो, शाबासकी देतो... पण सभेत बसायचं नाही. मला तर पटलंच. माझं माहेर कोडोलीचं, माझा भाऊ बिगरसभासद. त्याचा ऊस कसा वाळतो ते मी डोळ्यांनी बघितलंय.

लोकांना मात्र ह्याचं काही पडलं नव्हतं. एका व्याख्यानमालेत सरांना ह्याच विषयावर बोलायला बोलावलं. मी मुद्दाम जरीकाठाची साडी नेसून गेले. दीडशे खुर्च्या आणि माणसं अकरा, त्यात दोघं मंडपवाले. शेवटी एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, आमचा सीमाप्रश्न इथं कुजत पडलाय अन् तुम्ही आफ्रिकेचं काय सांगताय? सरांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, "मी तेच सांगतोय. माझी बहीण हद्दीपलीकडं दिलीय. शेजार म्हणजे काय ते मला पुस्तकातनं शिकावं लागलं न्हाय." गृहस्थ निघून गेले. परतताना सर माझ्यासोबत पेठेपर्यंत सायकल हातात धरून चालत आले. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की बस्स. सरांना आला नव्हता. त्यांना नुसतं वाईट वाटलं होतं, आणि ते बघणं जास्त अवघड होतं.

खरी गोची होती ती सरांच्या स्वभावात. त्यांचे वडील गावचे पंच. बांधाचं भांडण असो नाहीतर सोडचिठ्ठीचं, दोन्ही बाजू बोलून पुरत्या रिकाम्या झाल्याशिवाय ते तोंड उघडायचे नाहीत. एकदा म्हणे दोन भावांचं ऐकायला चार दिवस गेले, पण निकाल असा दिला की पुढं दोघांच्या नातवंडांनीसुद्धा तो मोडला नाही. सर त्याच मुशीतले. पण भावाभावांचं भांडण कधीतरी संपतं, युरोपातल्या गटाचं बोलणं कधी संपणार? दर वर्षी-दोन वर्षांनी तिथं नवी बैठक, नवा ठराव, नवा शब्द. सरांकडं परदेशी मासिकं महिनादोन महिने उशिरानं यायची. ती आली की सर जिना चढून यायचे आणि म्हणायचे, अक्का, गट परत बोललाय. झालं! पहिल्या प्रकरणापासून दुरुस्त्या. सातवं प्रकरण तर मी सात वेळा टाइप केलं, पहिल्या खेपेला मशीनवर, मग कॉम्प्युटर घेतल्यावर त्याच्यावर. प्रत्येक खेपेला सर टाइप झालेला निष्कर्ष वाचायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, अजून थोडं ऐकू या.

एवढ्या वर्षांत मलाही नाद लागला होता. सकाळी पेपर आला की राशिभविष्याच्या आधी मी परदेशी बातम्या बघायची. काही सापडलं की कात्रीनं कापून ठेवायची. सर आले की ऐटीत पुढं करायची, आणि सर म्हणायचे, तुम्हाला पीएच्. डी. द्यायला पाहिजे. दहावी पास बाई मी. मला ते ऐकायला फार आवडायचं. कात्रण सापडलं नाही तर मला आठवडा वाया गेल्यासारखा वाटायचा, इथपर्यंत मजल गेली होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. दोन हजारनंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. पुण्याच्या एका प्रकाशकानं सरांचं हस्तलिखित छापायचं कबूल केलं. वहिनींनी अक्षरशः मागं लागून सरांकडून तारीख ठरवून घेतली. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं सर स्वतः घेऊन जाणार होते. शुक्रवारी रात्रीपर्यंत बसून मी तीनशे पानं छापून काढली, गठ्ठा लाल कापडात बांधला. सोमवारी सर धुतलेला सदरा घालून आले, माझ्या हातावर पेढा ठेवला. आणि मी काय केलं? टेबलाच्या खणातनं एक कात्रण काढून त्यांच्यापुढं धरलं. चार ओळींची बातमी होती. गट आता मोठा होणार, त्याच्या हद्दीला नवे शेजारी येणार, म्हणून सगळ्या शेजाऱ्यांसाठी तो नव्यानं धोरण आखतोय. ते कात्रण चार दिवस माझ्याकडं पडून होतं. टाकून देता आलं असतं. एस.टी. सुटल्यावर दिलं असतं तरी चाललं असतं. पण मला शाबासकी पाहिजे होती, दुसरं काही नाही. सरांनी ते उभ्या-उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसले आणि परत वाचलं. म्हणाले, "अक्का, सातवं प्रकरण बाहेर काढा."

मी समजावायचा प्रयत्न केला. रुखवत मांडून झालाय सर, मांडवातनं कुणी पोरीला परत नेतं का, असं काहीबाही बोलले. सरांनी मान हलवली. गटाचं अर्धं बोलणं ऐकून मी निकाल दिला तर माझ्यात आणि गटात फरक काय, म्हणाले. एस.टी. गेली. प्रकाशकानं वर्षभर वाट बघितली, मग एक पोस्टकार्ड टाकून हात झटकले. पुढं बरेच महिने वहिनींनी मला घरात ये म्हटलं नाही. बरोबरच केलं त्यांनी.

सर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. जिना चढणं संपलं, मग मीच दर गुरुवारी दुपारी बावड्याला जाऊ लागले. सर खिडकीशी बसलेले असायचे. माझा प्रश्न ठरलेला, सर, सातवं झालं का? त्यांचंही उत्तर ठरलेलं, गट अजून बोलतोय, अक्का. मग मी पेपरातलं काही वाचून दाखवायची. ते कौतुकानं ऐकायचे. कधी कधी मला वाटायचं, हे पुस्तक आता होणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे आणि दोघंही बोलत नाही... घरी येताना बसमध्ये मी ते कात्रण आठवून स्वतःला शिव्या घालायची. एकदा हिय्या करून म्हटलंसुद्धा, की सर, ते मी दाखवायला नको होतं. ते लगेच म्हणाले, तुम्ही दाखवलं म्हणून चुकीचं छापायचं वाचलं, नवीन धोरण साफ वेगळं आहे, सगळा निष्कर्ष बदलावा लागतोय. मी ते धरून बसले. त्या एका वाक्यावर मला झोप लागायची.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. सरांचं कपाट रिकामं करत होत्या. माझ्या हाताची सगळी बाडं त्यांनी एका पिशवीत भरून ठेवली होती आणि वर एक शाळकरी वही होती, दोनरेघी. डाव्या हातानं लिहिलेली. अक्षर पहिलीतल्या पोराचं असावं असं, पण गंमत बघा, सरांचं आयुष्यात पहिल्यांदा मला सहज वाचता आलं. वर लिहिलं होतं, 'प्रकरण सातवे : निष्कर्ष. अंतिम.' वहिनी म्हणाल्या, टाइप करून ठेवा, निदान घरात राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही समोर ठेवून बसले. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. तिसऱ्या वाक्याला माझ्या ध्यानात आलं, मी वहीकडं बघतच नाहीये. बोटं आपली आपण पुढं चालली होती. उठले आणि पिशवीतनं सगळ्यांत जुनं बाड काढलं, मशीनवर टाइप केलेलं, कडा पिवळ्या झालेलं, पहिल्या खेपेचं सातवं प्रकरण. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावून बघितली. शेजाऱ्याला घ्यायचं सगळं, द्यायचं थोडं, आणि सभेत बसू द्यायचं नाही; धोरणाचं नाव बदललं, धोरण नाही. तोच निकाल, तीच वाक्यं. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. मग लाल कापडातला तो गठ्ठा सोडला, त्यातलं सातवंही तेच. त्या सोमवारी ते पुस्तक जसंच्या तसं पुण्याला गेलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं.

वहीच्या शेवटी सरांनी त्यांच्या सवयीप्रमाणं तारीख घातली होती. दोन वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आधीची. त्यानंतर मी दर गुरुवारी बावड्याला जात होते आणि सातवं झालं का म्हणून विचारत होते. झालं म्हणाले असते तर ती वही टाइप करायला माझ्याच हातात आली असती. आणि ते दर गुरुवारी माझ्या तोंडाकडं बघून सांगत होते, गट अजून बोलतोय, अक्का.