त्याच्या सर्व्हिसेस माझ्या नावावर

टोकियोत, तोयोसूच्या ऑफिसात मी सर्व्हिसेसची ओळख लिहायचे. एका विमा कंपनीची अगडबंब संगणक प्रणाली आम्ही सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे एकेकच काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, फोडली होती. एक हप्ता काढणार, एक पत्ता तपासणार. प्रत्येकीची माहिती रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक यादीत, भरायची: ती काय करते, कुठल्या वर्गात मोडते, कुणाकुणाला लागते आणि जबाबदार कोण. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवला तर नोंद जतनच होत नसे.

बऱ्याच नोंदींत जबाबदार म्हणून त्याचं नाव होतं. माझ्याच टीममधला, पुण्याचा. ऑफिसात आम्ही एकमेकांच्या नावापुढे जपानी रीतीने आदराचं ‘-सान’ लावायचो. संध्याकाळी घराजवळच्या निशी-कसाई स्टेशनवर उतरलो की अगं-अरे सुरू. दिवाळीत तो आमच्याबद्दल घरी सांगायला गेला आणि दुसरीशी साखरपुडा करून आला. आईपुढे बोलता आलं नाही म्हणे. एरवी मीटिंगमध्ये तासतासभर बोलणारा माणूस, घरी मात्र तोंडात मिठाची गुळणी.

मग त्याने पुण्याला बदली मागून घेतली. त्याचं काम समजून घ्यायला जपानी मॅनेजरनी मलाच बसवलं. त्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं. तो सांगायचा, मी लिहायचे. अमुक सर्व्हिस बंद पडली तर कुणाचं अडेल, हे तो इतकं जीव लावून सांगे की त्याला गदागदा हलवावंसं वाटे. मी पार मोडून गेले होते आणि टाइप करत होते.

शेवटच्या दिवशी तिथल्या रिवाजाप्रमाणे तो प्रत्येक टेबलापाशी वाकला, बिस्किटाची एकेक पुडी ठेवत गेला. माझ्या टेबलावरही एकच. ‘सांभाळून घेतलंत, आभारी आहे,’ जपानीत, सगळ्यांना म्हणाला तसंच. एखादा तरी शब्द मराठीत बोलेल म्हणून मी थांबले. तो पुढच्या टेबलाकडे वळला.

संध्याकाळी मी एकेका नोंदीतून त्याचं नाव काढून माझं घातलं. लग्नानंतर मी त्याचं नाव लावणार होते. झालं उलटंच.

पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

“नोंदी इतक्या चोख आहेत,” ते म्हणाले, “की ते गेलेत हे कुणाला जाणवणारसुद्धा नाही.”

मी आभार मानायला वाकले. जपानात वाकलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. डोळे सुकेपर्यंत मी वर पाहिलं नाही.