कानात रोज चाळीस मिनिटं

मी मुळात तापट. समुपदेशकाने शांत असावं म्हणतात, असेल बापा. दर गुरुवारी मी गोंदियाहून बसने नवेगाव बांधकडच्या एका दवाखान्यात जाते, आणि तिथे कोणी पेशंटला ‘नाटकी’ म्हटलं की माझं डोकं सणकतं.

ही ‘नाटकी’ चोवीस वर्षांची, नवऱ्याला सोडून मायजवळ राहणारी. दोनदा धानावर फवारायचं औषध पिऊन वाचलेली, हातावर ब्लेडच्या खुणा. सकाळी मी तिची देवी, दुपारी दुश्मन. कागदावर बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, आणि नर्सच्या तोंडी, “लो, आ गई फिर.”

लहानपणी घरातल्याच एका नातेवाइकाने तिच्यावर अत्याचार केला होता. ते सांगायची तिला घाई, आणि मी थांबवून धरायची. आधी जीव सांभाळायला शिकायचं, मग ती जखम उघडायची, अशी या उपचाराची रीत आहे. फवारणीच्या औषधाची बाटली शेजाऱ्याकडे ठेवायला लावली. जीव घाबरला तर काही करायच्या आधी मला फोन करायचा, हे ठरवलं. ती भडकायची, “मंग इथं कायले बसून राहिल्या तुमी?” मीही सुनवायची, “तू जिती राहावी म्हणून.”

तीन महिने तिने स्वतःला इजा केली नाही, तेव्हा सुरुवात केली. डोळे मिटून तिने घडलेलं सगळं सांगायचं, ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, आणि घरी रोज चाळीस मिनिटं ऐकायचं. ऐकून ऐकून भीती झिजते. किती उरली ते शंभरात आकडा देऊन सांगायचं.

घर एका खोलीचं, म्हणून ती शेतात, धानाच्या रोवणीत ऐकायची. चिखलात वाकलेली, कानात इयरफोन. सोबतच्या बाया विचारायच्या, “कोणतं गाणं होय वो?” ती सांगायची, “भजन.” मी खूश! पण मोबाइल कोणाचा, हे मला शहाणीला विचारायचं सुचलं नाही. मोबाइल मायचा होता.

पंच्याण्णवचा आकडा साठावर आला. एकच जागा अडायची: ‘बाहेरून कोणीतरी ओरडलं, गप राय.’ तिथे आकडा पुन्हा नव्वदवर. मी केसपेपरवर लिहिलं, आठवण अंधुक.

एका गुरुवारी अकराच्या सुमारास फोन आला. “मॅडम, मायनं सगळं आयकलन.”

मी आधी विचारलं, “हातात काय आहे तुझ्या?”

“पऱ्ह्याची पेंडी.”

“ती रोपं खाली ठेव. मायला घे, ऑटोत बस आणि आत्ता ये. फोन चालू ठेव.”

ती वीस मिनिटं मी स्वतःला शिव्या घातल्या. आमची बाटली शेजाऱ्याकडे होती, पण रोवणीच्या दिवसांत कोणाच्या घरी औषध नसतं? खरं सांगते, फार भ्याले. मायने पोरीला एका शब्दाने जरी बोल लावला तर मायला कसं झापायचं, तेही जुळवून ठेवलं.

दोघी आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. माय खुर्चीत बसलीच नाही. मला म्हणाली, “बाहेरून वरडली थे मी होती. मले वाटलं, पोट्टे भांडून राहिले.” मग पोरीकडे वळली. “तुले माहीत होतं का, माहा आवाज होता म्हणून?”

“होतं.”

“मंग ‘कोणीतरी’ काऊन म्हटली?”

“तू जीव देशील म्हणून.”

माय तिथेच फरशीवर बसली आणि रडली. मला झापायला कोणी उरलं नाही. इतके आठवडे मी ते वाक्य ऐकत होते, आणि हाच प्रश्न मी विचारला नव्हता. स्वतः दोनदा मरायला निघालेली ही पोरगी मायला सांभाळत होती, आणि मी ‘अंधुक’ लिहून मोकळी झाले होते. ते मी खोडलं.

दुसऱ्या गुरुवारी नवीन रेकॉर्डिंग केलं. या वेळी तिने ‘माय ओरडली’ म्हटलं. आवाज कापला, पण म्हटलं.

त्यानंतरच्या गुरुवारी विचारलं, रोज ऐकतेस ना?

“दोघी आयकतो. एक वायर मायच्या कानात.”

हे माझ्या शिकण्यात कुठेच बसत नव्हतं. तोंडावर आलेला राग मी गिळला आणि विचारलं, “माय काय म्हणते?”

“काही नाई. थे तिच्या वरडण्याची जागा आली का उठून जाते.” मग म्हणाली, “काल नाई उठली.”