फरशी नको, माझा तेरडा राहू दे

मंडळी, आज सकाळी मी दिरांशी भांडले आणि मला जराही वाईट वाटत नाहीये.

शेजारी तीन मजली इमारत उठल्यापासून केशवापुरातल्या आमच्या परसात ऊनच येत नाही. "सावलीत काय उगवणार?" म्हणत दीर तिथे फरशी घालायला निघाले होते. मी जूनमध्ये गुपचूप तेरड्याचं बी टाकलं. आता गुलाबी, जांभळा, पांढरा, नुसता दंगा चाललाय!

आज ते गवंड्यालाच घेऊन आले. मी झाडांसमोर खुर्ची टाकून बसले.

फुलं बघून गवंडी कानडीत म्हणाला, "भाळ छंद अदाव री, अक्का!" खूपच सुंदर आहेत म्हणे.

दीर चिडले. "वहिनी, तेरड्याचा रंग तीन दिवस!"

"आणि गौर किती दिवस राहते?"

परवा गौर आणायची आहे, आणि आमची गौर तेरड्याचीच असते. इतकी वर्षं बाजारातली कोमेजलेली जुडी आणायचो.

"तीनच दिवसांची म्हणून तिला कधी दारातून परत पाठवलीत?"

गवंडी चहा पिऊन गेला. फरशा परत.

तुमच्याकडे "इथं काही येणार नाही" म्हणत कुठला कोपरा बुजवलाय? उकरा तो!